डोळ्याचे ‘टेन्शन’ मोजताना

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

‘आजी, चला, तुमचं टेन्शन बघायचंय,’ असे सिस्टरांनी म्हटले की आजींचे उत्तर ठरलेले असते. ‘मला कसलं आलंय टेन्शन? ते माझ्या पोराला.’ वाईत डोळ्यांचा दवाखाना चालवताना हा संवाद मी किती वेळा ऐकला असेल, याची गणती नाही. डोळ्याच्या दवाखान्यात टेन्शन म्हणजे डोळ्याच्या आतला दाब. केसपेपरवर तो १४, १८, २६ असा लिहिलेला असतो. साखरेचा किंवा ब्लडप्रेशरचा आकडा जपावा, तसा पेशंट तो जपतात. पिशवीतून पाच वर्षांपूर्वीची चिठ्ठी काढून दाखवतात. हा आकडा आला कुठून, तो मिळवण्यासाठी माणसांनी काय काय खटपटी केल्या आणि एवढे करून तो कितपत खरा असतो, हे आज सांगायचे आहे.

आधी दाब कशाचा ते पाहू. आपल्या डोळ्यात सतत थोडे थोडे पाणी तयार होत असते. हे अश्रू नव्हेत. हे पाणी आत, बाहुलीच्या मागे तयार होते, पुढे येते आणि डोळ्याच्या कडेला असलेल्या बारीक जाळीतून रक्तात निघून जाते. त्याचे प्रमाण मिनिटाला दोन-अडीच मायक्रोलिटर, म्हणजे दिवसभरात साधारण तीन मिलिलिटर. चहाचा चमचासुद्धा भरत नाही. पण या एवढ्याशा पाण्याची वाट तुंबली, की डोळ्यातला दाब वाढतो आणि मागची नस कडेकडेने सुकू लागते. हा काचबिंदू. त्याच्या नेहमी आढळणाऱ्या प्रकारात डोळा दुखत नाही, लाल होत नाही. नजर बाजूने आत आत आवळत येते आणि समोरचे मात्र बराच काळ स्वच्छ दिसत राहते. मोतीबिंदूने गेलेली नजर शस्त्रक्रियेने परत येते, काचबिंदूने गेलेली येत नाही. भारतात झालेल्या पाहण्या सांगतात, की काचबिंदू झालेल्या दर दहांपैकी नऊ जणांना आपल्याला तो झाला आहे हेच ठाऊक नसते.

विश्वकोशाचे कार्यालय ज्या गावात आहे, तिथे राहणाऱ्या माणसाला शब्दांकडे वळून पाहण्याची खोड लागते. मलाही लागली. आपला ‘काच’ हा शब्द सुश्रुतसंहितेत आहे, पण तिथे तो तिमिर नावाच्या नेत्ररोगाच्या पुढच्या पायरीला वापरला आहे. आजच्या भाषेत तो बहुधा मोतीबिंदूच्या जवळचा ठरेल. इंग्रजीतल्या ग्लॉकोमाचेही तसेच. मूळ ग्रीक शब्द निळसर-हिरवट रंगाचा आणि प्राचीन ग्रीक वैद्यही मोतीबिंदू आणि काचबिंदू यांत गल्लत करत. दोन्हीकडे नाव ठेवले गेले ते डोळ्याच्या दिसण्यावरून. सुश्रुताच्या उत्तरतंत्रात ‘अधिमंथ’ नावाचा आणखी एक रोग आहे. डोळा घुसळून काढल्यासारखी वेदना, अर्धे डोके ठणकणे, आणि उपचार चुकले तर काही दिवसांत दृष्टी जाणे, असे त्याचे वर्णन. दोषाप्रमाणे किती रात्रींत दृष्टी जाईल तेही दिले आहे. दाब एकाएकी चढणाऱ्या काचबिंदूचा पेशंट ज्याने पाहिला आहे, त्याला हे वर्णन वाचताना दचकायला होते. पण दाब मोजायचा विचार तिथे नाही आणि त्या काळात तो असण्याचे कारणही नव्हते.

डोळा दगडासारखा कठीण होतो, हे युरोपात स्पष्ट लिहिणाऱ्यांत पहिले नाव रिचर्ड बॅनिस्टर या इंग्रज नेत्रवैद्याचे, साल १६२२. त्यानंतर दोन शतकांहून अधिक काळ मोजमापाचे साधन एकच होते, वैद्याची बोटे. पेशंटला खाली पाहायला सांगायचे, वरच्या पापणीवर दोन्ही तर्जन्या टेकवायच्या आणि आळीपाळीने हलके दाबायचे. आंबा पिकला का हे पाहावे, तसे. १८६० च्या सुमारास लंडनच्या विल्यम बोमनने या चाचपणीला पायऱ्या दिल्या: नेहमीचा, थोडा जास्त, बराच जास्त, दगडासारखा. त्याच काळात बर्लिनमध्ये अल्ब्रेख्त फॉन ग्रेफे या तरुण डॉक्टरने काचबिंदूवर पहिली गुणकारी शस्त्रक्रिया शोधली होती. दाब बोटांवर न सोडता यंत्राने मोजावा, असे त्यालाही वाटत होते आणि त्याने तसे प्रयत्नही केले. पण १८७० मध्ये, वयाच्या अवघ्या ४२ व्या वर्षी तो गेला.

अडचण दुहेरी होती. पहिली अशी, की उघड्या डोळ्याला यंत्र लावू देणार कोण? ही अडचण १८८४ मध्ये व्हिएन्नातल्या कार्ल कोलरने सोडवली. कोकेनच्या द्रावणाचा थेंब टाकला तर डोळा बधिर होतो, हे त्याने दाखवून दिले. हायडेलबर्गच्या नेत्रपरिषदेला जाण्याइतके पैसे त्याच्याजवळ नव्हते, म्हणून त्याचा निबंध दुसऱ्याच डॉक्टरने वाचला. पुढच्याच वर्षी मॉस्कोच्या मक्लाकोवने एक झकास युक्ती काढली. सपाट तळाच्या छोट्या वजनाला रंग लावायचा, ते बधिर डोळ्यावर अलगद टेकवायचे आणि मग त्याचा ठसा कागदावर घ्यायचा. डोळा जितका मऊ, तितका तो जास्त सपाट होणार आणि रंग पुसला गेलेले वर्तुळ तितके मोठे. पट्टीने वर्तुळ मोजले की दाब कळला. रशियात ही पद्धत पुढे अनेक दशके चालली.

दुसरी अडचण जास्त खोल होती आणि ती आजही पुरती सुटलेली नाही. डोळ्यातला खरा दाब कळायचा, तर आत सुई घालून मोजावा लागेल. जिवंत माणसाच्या डोळ्यावर हे रोज कोण करणार? म्हणून आपण बाहेरून दाबून आतला अंदाज बांधतो. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा किती आहे ते आपण अंगठ्याने दाबून सांगतो. पण त्याच अंगठ्याने ट्रकचा टायर दाबून पाहा. आत हवा तेवढीच असली, तरी रबर जाड असल्यामुळे तो कडकच लागेल. अंगठ्याला लागते ते हवा आणि रबर दोन्ही मिळून. डोळ्याचे रबर म्हणजे पुढची पारदर्शक काच. शाळेच्या पुस्तकात तिला पारपटल म्हणतात. टेन्शन मोजण्याचा पुढचा सगळा इतिहास म्हणजे हवा आणि रबर वेगळे करण्याची धडपड आहे, असे माझे मत आहे.

१९०५ मध्ये नॉर्वेच्या याल्मार श्यॉट्झने आपले टोनोमीटर मांडले आणि जगभरच्या दवाखान्यांत एकच साधन पोचले. माझ्या पिढीचे हात त्यावरच तयार झाले. लहानसे, चकचकीत, लाकडी पेटीत बसणारे. वीज नको, टेबल नको. पेशंटला उताणे झोपवायचे, बधिर करणारा थेंब टाकायचा आणि स्वतःचाच अंगठा वर धरून त्याकडे टक लावायला सांगायचे. यंत्राचा वाटीसारखा पाय पारपटलावर टेकला, की मधली दांडी साडेपाच ग्रॅम वजनाने आत रुतते आणि वरचा काटा हलतो. काटा जितका जास्त सरकला, तितका डोळा मऊ, म्हणजे दाब कमी. नव्या विद्यार्थ्याचा गोंधळ व्हायचा तो इथेच. मग तक्त्यात पाहून काट्याचा आकडा पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये बदलायचा. शिबिरांत शाळेच्या वर्गातली बाके जोडून, वरून सतरंजी घालून आम्ही ओळीने दहा-दहा जणांचे टेन्शन पाहत असू. प्रत्येक डोळ्यानंतर यंत्राचा पाय स्पिरिटच्या दिव्यावरून फिरवायचा आणि थंड होऊ द्यायचा. हे थंड होऊ देणे महत्त्वाचे, एवढेच सांगतो.

श्यॉट्झच्या काळात आपल्याकडेही काचबिंदूवर मोठे काम चालू होते. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात नेत्रशास्त्र शिकवणारे हर्बर्ट हर्बर्ट (नाव आणि आडनाव एकच, छपाईची चूक नव्हे) आणि मद्रासच्या सरकारी नेत्ररुग्णालयाचे रॉबर्ट हेन्री एलियट या दोघांनी तुंबलेल्या पाण्याला डोळ्याच्या भिंतीतून वाट करून देणाऱ्या शस्त्रक्रिया विकसित केल्या. एलियटची छिद्र पाडण्याची पद्धत १९०९ ची. ती जगभर गेली. अशा शस्त्रक्रियेनंतर दाब उतरला की नाही, हे बोटांनी सांगून कुणाचे समाधान होणार? यंत्राची गरज तिथेच पक्की झाली.

पण श्यॉट्झच्या यंत्रात दोष होता. दांडी रुतताना डोळ्याची भिंत ताणली जाते आणि ही भिंत प्रत्येकाची सारखी नसते. मोठा उणे नंबर असणाऱ्यांची भिंत लेची असते, त्यामुळे त्यांचा दाब खऱ्यापेक्षा कमी दिसतो. अमेरिकेतल्या जोनास फ्रीडनवाल्ड यांनी या ताणाचे गणित मांडण्यात आयुष्यातली वर्षे घातली आणि तक्ते सुधारले. तरी दोष राहिलाच.

स्वित्झर्लंडमध्ये बर्नच्या हान्स गोल्डमान यांनी १९५० च्या दशकात तो वेगळ्याच वाटेने सोडवला. त्यांचे यंत्र डोळा रुतवत नाही, पारपटलाचा एक छोटासा भाग फक्त सपाट करते. त्या भागाचा व्यास त्यांनी ठरवला ३.०६ मिलिमीटर. हा विचित्र आकडा मुद्दाम निवडलेला आहे. पारपटलाचा ताठपणा यंत्राला मागे ढकलतो आणि अश्रूंचा पातळ थर त्याला आत ओढतो. एवढ्या व्यासाला हे दोन्ही जोर जवळजवळ एकमेकांना खोडून काढतात. वर सोय अशी, की एक ग्रॅम जोर म्हणजे बरोबर १० मिलिमीटर पारा. डोळ्यात पिवळा रंग टाकून निळ्या उजेडात पाहिले, की दोन हिरवी अर्धवर्तुळे दिसतात. गोल चकती फिरवत त्यांच्या आतल्या कडा एकमेकींना टेकवायच्या. त्या टेकल्या की आकडा वाचायचा. हे यंत्र माझ्याकडे कर्ज काढून आले. पहिल्या दिवशी ती दोन हिरवी वर्तुळे पेशंटच्या नाडीबरोबर बारीक धडधडताना पाहिली, तेव्हा दाब ही स्थिर वस्तू नाही, हे पुस्तकातले वाक्य मला एकदम समजले. आजही जगभर प्रमाण मानतात ते गोल्डमानचेच यंत्र.

आता २१ या आकड्याकडे येऊ. दाब २१ पर्यंत चांगला, त्यापुढे वाईट, हे पेशंटलाही तोंडपाठ असते. हा आकडा लोकप्रिय झाला तो १९५८ मध्ये जर्मनीत लायडेकर आणि सहकाऱ्यांनी हजारो निरोगी लोकांचे डोळे श्यॉट्झच्या यंत्राने मोजले, त्यावरून. सरासरी १५-१६ निघाली, तिच्यावर संख्याशास्त्राच्या रिवाजाप्रमाणे दोन पायऱ्या चढल्या आणि कुंपण पडले. इतके उंच लोक गावात फारसे नसतात म्हणून एखाद्या उंच माणसाला रोगी ठरवावे, त्यातलाच हा प्रकार. कुंपण घालणाऱ्यांनी ते संख्येचे कुंपण म्हणून घातले होते. वापरणाऱ्यांनी त्याला रोगाची सीमा केले. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या पाहणीत काचबिंदू असलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचा दाब तपासणीच्या वेळी २१ च्या आतच निघाला. उलट बाजूने २००२ मध्ये अमेरिकेतल्याच १,६३६ लोकांच्या अभ्यासात असे दिसले, की दाब २४ ते ३२ असूनही, औषध न घेता, पाच वर्षांत साडेनऊ टक्के लोकांनाच काचबिंदू झाला. औषध घेणाऱ्यांत हे प्रमाण ४.४ टक्के होते.

याच अभ्यासाने रबराचा प्रश्न पुन्हा पुढे आणला. पारपटलाची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर असते आणि ती निरोगी डोळ्यांत फारशी बदलत नसावी, असे गोल्डमान यांनी धरले होते. १९७५ मध्ये डेन्मार्कच्या नील्स एहलर्स यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी डोळ्यात नळी घालून खरा दाब मोजला आणि बाहेरच्या यंत्राशी ताडून पाहिला. पारपटल ५२० मायक्रॉन जाड असेल, तर यंत्र खरे बोलते. जाड असेल तर आकडा वाढवून सांगते आणि पातळ असेल तर कमी. पुढची पंचवीस वर्षे या कामाकडे फारसे कुणी पाहिले नाही. मग लेसरने चष्म्याचा नंबर घालवायची लाट आली. त्यात पारपटल घासून पातळच करतात. शस्त्रक्रियेनंतर सगळ्यांचे टेन्शन एकदम कमी दिसू लागले आणि लोकांना एहलर्सची आठवण झाली.

आपल्या लोकांचे पारपटल किती जाड? याचे चांगले उत्तर नागपूरजवळच्या खेड्यांतून आले. २००६ ते २००९ या काळात तिथे तीस वर्षांवरच्या ४,७११ लोकांची घरोघर जाऊन निवड करून तपासणी झाली. बहुतेक शेतीवर जगणारी माणसे. त्यांच्या पारपटलाची सरासरी जाडी निघाली ५१४ मायक्रॉन. युरोपीय वंशाच्या लोकांत ती ५४० च्या आसपास असते. आणि डोळ्यातला सरासरी दाब १३.६. म्हणजे जर्मनीत शिवलेला २१ चा कोट आपण विदर्भातल्या शेतकऱ्याला घालतो, तेव्हा तो अंगात ढगळ होतो. आपल्याकडे १९ हा आकडा पाहून ‘नॉर्मल आहे’ म्हणणे मला धाडसाचे वाटते.

हे सगळे कागदावरचे वाद नव्हेत. खंडाळा तालुक्यातले एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे चष्म्याचा नंबर काढायला आले. खिशात तीन वर्षांच्या शिबिरांच्या तीन चिठ्ठ्या, तिन्हीवर १७. ‘माझं टेन्शन एकदम ओके आहे, डॉक्टरसाहेब,’ ते म्हणाले. त्यांच्या डाव्या डोळ्याची वरची अर्धी नजर गेलेली होती. पारपटल होते ४७० मायक्रॉनचे. तिन्ही वेळा मोजताना यंत्र बिघडलेले नव्हते, मोजणाराही चुकला नव्हता. फक्त आकड्यावर भागले म्हणून मागची नस कुणी पाहिली नाही. याउलट एक बाई आल्या, टेन्शन २५, पारपटल सव्वासहाशेच्या घरात, नस निरोगी. घरच्या हळदीच्या पैशांतून सहा वर्षे त्या महागडे थेंब घेत होत्या. ते थेंब थांबवताना मला चार भेटी लागल्या, कारण त्यांचा विश्वास आकड्यावर होता.

मग जाडी पाहून आकडा दुरुस्त का करू नये? त्यासाठी सूत्रे आहेत, पण ती एकमेकांशी जुळत नाहीत. जाडीबरोबर पारपटलाचा चिवटपणाही माणसागणिक वेगळा असतो. त्यामुळे मी दुरुस्त आकडा लिहीत नाही. दाब आणि जाडी शेजारी शेजारी लिहितो आणि नस पाहतो.

हवेच्या मशीनबद्दल लोक नेहमी विचारतात. फुस्स करून डोळ्यावर हवा मारते ते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत बर्नार्ड ग्रोलमन यांनी ते आणले. थेंब नको, स्पर्श नको, म्हणून गर्दीच्या ठिकाणी उपयोगाचे. पण हवेचा झोत काही हजारांश सेकंद टिकतो आणि नाडीच्या ठोक्यात तो कुठे पडला त्यावर आकडा बदलतो. म्हणून तीन-चारदा मोजून सरासरी घ्यायला हवी. एकदाच फुस्स करून चिठ्ठी हातात देणे मला पटत नाही. त्यात पेशंटने दचकून डोळे घट्ट मिटले किंवा श्वास रोखला, तर दाब खरोखरच वाढतो. घट्ट टाय किंवा कॉलरनेही वाढतो. ‘महाबळेश्वरला गेलो तर वाढतो का?’ असे एकाने विचारले होते. त्याने घाबरू नये. आपण मोजतो तो बाहेरच्या हवेपेक्षा आत किती जास्त आहे तेवढाच दाब.

यंत्राला विसरून चालते, घड्याळाला विसरून चालत नाही. निरोगी माणसाचाही दाब दिवसभरात तीन ते सहा मिलिमीटर वरखाली होतो आणि काचबिंदूत याहून जास्त. झोपेत, आडवे असताना तो बहुधा सर्वांत वर असतो आणि तेव्हा दवाखाने बंद असतात. फिनलंडमध्ये निघालेले, एक हलकी काडी पारपटलावर आपटून परत उसळते तिच्या वेगावरून दाब सांगणारे यंत्र आता घरी नेता येते. थेंबही लागत नाही. किंमत मात्र शेतकऱ्याच्या घरात शिरण्यासारखी नाही.

तोवर मी साधा उपाय करतो. संशय असलेल्या पेशंटला म्हणतो, पहिल्या एसटीने या आणि दिवसभर थांबायच्या तयारीने या. सकाळी आठला मोजतो, मग ते गणपतीच्या घाटावर जाऊन बसतात, बाजार करतात. दुपारी बाराला पुन्हा, चारला पुन्हा. दर वेळी त्याच यंत्रावर. यंत्राला महिन्यातून एकदा त्याच्यासोबत आलेली वजनाची दांडी लावून शून्य, वीस आणि साठवर ते खरे बोलते का ते पाहायचे. जावळीहून आलेल्या एका गृहस्थांच्या केसपेपरवर त्या दिवशी असे लिहिले गेले: सकाळी २२, दुपारी १६, संध्याकाळी १५, जाडी ४९०, नस संशयास्पद. दुपारच्या ओपीडीला आले असते, तर १६ घेऊन घरी गेले असते. थेंब सुरू केले. मग केसपेपरच्या मागच्या बाजूला त्यांच्या भावंडांची नावे लिहून घेतली, कारण सख्ख्या भावंडांत काचबिंदूचा धोका कितीतरी जास्त असतो. पाच भावंडे निघाली. दोघे गावात, तिघे मुंबईला. मुंबईच्या तिघांना फोन करायचे त्यांनी कबूल केले आणि गावातले दोघे पुढच्या सोमवारी पहिल्या एसटीने आले.